जुन्या बाथटबला नवा थर
बिडाच्या जुन्या बाथटबवरची चकाकी म्हणजे भट्टीत लोखंडावर वितळवून बसवलेली काच. ती घरी परत आणता येत नाही. वर इपॉक्सी किंवा अ‍ॅक्रिलिकचा रंग तेवढा चढतो. खरं काम रंगाआधीचं. कडेचं सिलिकॉन खरवडायचं, साबणाचा चिकट थर घालवायचा, पॉलिश पेपरने घासायचं. इथे कसर राहिली की पाणी जाण्याच्या जाळीभोवती पापुद्रे सुटू लागतात. स्वतः केलं तर स्वस्त, पण ब्रशचे फटकारे दिसतात. कारागीर फवाऱ्याने एकसारखा थर देतो. जुना रंग उतरवणं मात्र घरी नकोच. रंग काढायच्या काही द्रावणांतल्या मेथिलीन क्लोराइडची वाफ हवेपेक्षा जड, टबातच साचते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात हे काम करणारे किमान १३ कामगार, म्हणजे सरावलेलेच हात, तिने दगावले.