महापौरांचा शब्द आणि गोदावरीचें पाणी

समजा, नाशिकच्या एका महापौरांनीं रामकुंडावरच्या समारंभांत सांगितलें कीं, आतां गोदावरींत सांडपाण्याचा एक थेंबहि जात नाहीं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशीं तें वाक्य वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत आलें. पंचवटींतल्या एका आजोबांनीं तें वाचलें, आणि पहांटेच्या स्नानाला निघतांना नातवालाहि बरोबर नेलें. वाक्य खरें असेल तर उत्तमच. पण तें खोटें असेल, तर त्याची किंमत महापौर देणार नाहींत. ती त्या नातवाला द्यावी लागेल. हे महापौर कल्पित आहेत. नाशिकच्या कोणत्याहि आजी अथवा माजी महापौरांकडे येथें बोट दाखविलेलें नाहीं. नदी मात्र खरी आहे, आणि प्रश्नहि खरा आहे.

नदी स्वच्छ आहे कीं नाहीं, ही मताची बाब नव्हे. स्नानाच्या पाण्याची मापें ठरलेलीं आहेत. एक लिटर पाण्यांत विरघळलेला प्राणवायु निदान पांच मिलिग्रॅम असावा. पाण्यांतील घाण कुजवितांना जंतूंना जो प्राणवायु लागतो, त्याची मागणी तीन मिलिग्रॅमहून अधिक नसावी. मैल्यांतील जंतूंची संख्या शंभर मिलिलिटरमागें ५०० पर्यंत असणें इष्ट, आणि २५०० च्या वर तर मुळींच जाऊं नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीच्या ठरलेल्या ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेऊन ते तपासतें. म्हणजे महापौरांच्या वाक्याशेजारीं ठेवावयास एक आंकडा सदैव उपलब्ध असतो. तो ठेवण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाहीं, एवढेंच.

दिशाभूल करण्यासाठीं उघड खोटें बोलावें लागत नाहीं, हें येथें विशेष ध्यानांत घेतलें पाहिजे. नाशिकचें सांडपाणी शुद्ध करण्यासाठीं तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इत्यादि ठिकाणीं केंद्रें उभारलेलीं आहेत. त्यांची एकूण क्षमता सांगावयाची आणि ऐकणाऱ्यानें तेवढें सांडपाणी खरोखरच शुद्ध होतें असें समजावें, ही युक्ति फार सोयीची. क्षमतेचा आंकडा खरा असतो! पण जें पाणी नळांतून केंद्रापर्यंत पोंचतच नाहीं, जें नासर्डी अथवा वाघाडीच्या पात्रांतून परस्पर गोदावरीला मिळतें, त्याची गणती त्या आंकड्यांत नसते. शिवाय केंद्रांत गेलेलें पाणी बाहेर पडतांना कोणत्या प्रतीचें होतें, हा प्रश्न वेगळाच राहतो. दुसरी युक्ति दिवसाच्या निवडीची. गंगापूर धरणांतून पाणी सोडलेलें असतां घेतलेला नमुना आणि प्रवाह आटलेला असतां मे महिन्यांत घेतलेला नमुना, हे एकाच नदीचे खरे; पण पर्वणीच्या दिवसाचा नमुना दाखवून वर्षभराची शाश्वति देणें म्हणजे सणाच्या दिवशींचें ताट दाखवून घर सुखवस्तु असल्याचें सांगण्यासारखें आहे. सिंहस्थाच्या वर्षीं तर हा मोह अधिकच अनावर होतो.

आतां महापौरांना याबद्दल जाब कोणीं आणि कसा विचारावा? येथें कायद्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. १९८२ मध्यें नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका एकत्र करून महानगरपालिका झाली, आणि तिला १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू झाला. त्या कायद्यान्वयें कारभाराचा हात आयुक्तांचा. महापौर सभेचे अध्यक्ष होतात, शहराच्या वतीनें बोलतात. पण नळ घालण्याचा वा केंद्र चालविण्याचा हुकूम त्यांच्या सहीनें निघत नाहीं. तेव्हां महापौरांजवळ खरें साधन एकच, तें म्हणजे शब्द. ज्याच्याजवळ शब्दावांचून दुसरें कांहीं नाहीं, त्याचा शब्दच जर विश्वासास पात्र नसेल, तर त्या पदांत उरलें काय? महापौरांना अधिकार नाहींत म्हणून त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करावें, असें कित्येक सुशिक्षित म्हणतात. तें म्हणणें अगदीं उलट्या टोंकाचें आहे.

ही रचना मुंबईच्या एका मोठ्या भांडणांतून जन्मली. १८६५ च्या कायद्यानें मुंबईचा सर्व कारभार ऑर्थर क्रॉफर्ड या आयुक्तांच्या हातीं आला. गृहस्थ कर्तबगार होते. त्यांच्या नांवाचा बाजार १८६९ मध्यें उभा राहिला, शहराची स्वच्छताहि सुधारली. पण खर्च मंजुरीच्या पुढें गेला आणि कराचा बोजा वाढला. सुधारणा डोळ्यांना दिसत होती, हिशेब दिसत नव्हता. नवरोजी फर्दुनजींसारख्यांनीं करदात्यांची फळी उभारली. ३० जून १८७१ रोजीं टाऊन हॉलमध्यें जस्टिस ऑफ दी पीस मंडळींची सभा सुरू झाली आणि ती एका दिवसांत आटोपली नाहीं. क्रॉफर्ड यांना पद सोडावें लागलें. पुढच्याच वर्षीं नवा कायदा होऊन ६४ सभासदांची महापालिका आली, आणि त्यांपैकीं ३२ सभासद करदात्यांनीं निवडावयाचे ठरले.

त्या गदारोळांत तरुण फिरोजशहा मेहतांनीं नोव्हेंबर १८७१ मध्यें एक निबंध वाचला. श्रोत्यांना तो मुळींच रुचला नाहीं. एकट्या आयुक्ताच्या हातीं कारभार असण्यांत दोष नाहीं, त्याच्यावर देखरेख करणारी, लोकांनीं निवडलेली सभा नव्हती हा खरा दोष, असें त्यांचें प्रतिपादन होतें. काम करणारा हात एक आणि त्यावर डोळा ठेवणारे अनेक, ही कल्पना पुढें १८८८ च्या मुंबईच्या कायद्यांत रुजली, आणि तेथून १९४९ च्या कायद्यामार्गें नाशिकला आली. महापौर हे त्या अनेक डोळ्यांचे प्रमुख. डोळ्यांनींच न दिसलेलें दिसल्याचें सांगावयाचें ठरविलें, तर ती सगळी योजनाच फसते.

हाताला जाब विचारण्याची सोय कायद्यांत आहे. सभेच्या पांच-अष्टमांश सभासदांनीं ठराव केल्यास सरकारला आयुक्त परत बोलवावे लागतात. ऑगस्ट २०१८ मध्यें करवाढीच्या वादांतून आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर नाशिकांत असाच ठराव येऊं घातला होता. मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर तो मागें घेण्यांत आला आणि नोव्हेंबरमध्यें त्यांची बदली झाली. चुकीच्या ग्वाहीबद्दल महापौरांना मात्र एवढ्या सहजपणें कोणी हात लावीत नाहीं. अडीच वर्षांची मुदत असते. ग्वाही खोटी ठरेपर्यंत खुर्चीवर बहुधा दुसरेंच माणूस बसलेलें असतें.

म्हणून नागरिकाला कागदाचा आश्रय करावा लागतो. कायद्याप्रमाणें आयुक्तांनीं दरवर्षीं ३१ जुलैपूर्वीं शहराच्या पर्यावरणाचा अहवाल महासभेपुढें ठेवावयाचा असतो. महापौरांचें भाषण आणि तो अहवाल यांची गांठ घालून दिली कीं पुष्कळशा गोष्टी आपोआप बोलूं लागतात. प्रभागाच्या नगरसेवकाला नोटीस देऊन सभेंत प्रश्न विचारतां येतो. त्याला तो विचारावयास लावणें हें मतदाराचें काम आहे, आणि तें मतदानाच्या दिवशीं संपत नाहीं. सभेचें कामकाज इतिवृत्तांत उतरतें. समारंभांतलें भाषण हवेंत विरून जातें. यासाठींच समारंभांतलें वाक्य प्रश्नाच्या रूपानें सभेंत आणावयाचें. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें तर हें काम कोणाहि गृहिणीच्या आवांक्यांत आणलें आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, तीस दिवसांची मुदत, आणि उत्तर न आल्यास अपील. हें सर्व करूनहि भागलें नाहीं, तर न्यायालय आहेच. गोदावरीच्या प्रदूषणासाठीं नाशिकच्या नागरिकांनीं २०१२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाकडे धांव घेतली. नागपूरच्या नीरी या संशोधनसंस्थेचा सल्ला त्या प्रकरणांत आला, आणि नदीबद्दलचीं विधानें आंकड्यांसह मांडणें महापालिकेला भाग पडलें. न्यायालयापुढें प्रतिज्ञेवर सांगितलेली गोष्ट आणि घाटावरच्या मंडपांत सांगितलेली गोष्ट यांत केवढें अंतर पडूं शकतें, हें तेथें जाऊन बसल्यावांचून कळावयाचें नाहीं.

मार्च २०२२ मध्यें नाशिकच्या सभासदांची मुदत संपली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहराला महापौरच नव्हते. कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळांत चुकीची ग्वाही देणारें कोणी नव्हतें, तसें सभेंत प्रश्न विचारणारेंहि कोणी उरलें नव्हतें. दोहोंपैकीं कशाची उणीव अधिक भासली, हें नळाचें पाणी चुकलेल्या गल्लींत विचारावें.

पंचवटींतल्या त्या आजोबांकडे पुन्हां वळतां येईल. महापौरांचें वाक्य छापलेल्या वर्तमानपत्राचें कात्रण त्यांनीं कापून तारखेसह ठेवलें आहे. त्याच्याखालीं एका कोऱ्या कागदावर त्यांनीं तीन प्रश्न लिहिले आहेत: हें विधान कोणत्या नमुन्यावरून केलें, तो नमुना कोणत्या दिवशीं व कोणत्या घाटावर घेतला, आणि त्या दिवशीं गंगापूर धरणाचें पाणी सोडलेलें होतें काय. स्टॅम्प लावावयाचा राहिला आहे. उत्तर येईपर्यंत नातवाची आंघोळ घरींच होईल.