रखमा, रुक्मिणी आणि सातबारा
(कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या भागातल्या एका मावशींचं काम घेऊन मी कचेरीच्या चार खेपा घातल्या. त्यांचा नवरा वारला. शेत त्याच्या नावावर. वारस म्हणून मावशींची नोंद करायची, तर कागद जुळेनात. आधारवर रुक्मिणी, रेशनकार्डावर रखमाबाई आणि माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच नाव. कारण लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं होतं. कारकून म्हणाला, "या तिघी कोण?" मावशी म्हणाल्या, "मीच की रे बाबा!"

रुक्म म्हणजे सोनं. त्यावरून संस्कृतात रुक्मिणी. पंढरपुरात ती रखुमाई झाली, आपल्या घरांत रखमा. गुजरातेत रुक्ष्मणी. मोडी लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून रखमा आणि रुखमा कागदावर सारखेच दिसतात. रखुमाईकडे कुणी प्रतिज्ञापत्र मागत नाही. बाईचं मात्र एक अक्षर फिरलं की जमीन अडते.

पुराणातल्या रुक्मिणीने भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारला. तिच्याच नावाच्या मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. त्यांनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद पत्करेन. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. कोर्टाच्या इंग्रजी कागदांत त्या 'रुखमाबाई' आहेत. अक्षर बदललं, बाई बदलली नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं. चांगली गोष्ट आहे. पण आईचं नाव कोणतं, हे आधी आईने ठरवायला हवं.

मावशींची नोंद प्रतिज्ञापत्र आणि माहेरच्यांचे जबाब जोडल्यावर झाली. नवरा जाईपर्यंत आपण का थांबायचं? आज घरी गेल्यावर आपले सगळे कागद एका जागी मांडा. नावं ताडून बघा. फरक असेल तो पुढच्या बैठकीत घेऊन या. दुरुस्तीचे अर्ज आपण मिळून लिहू. आणि लेकीच्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, तर आधी तिला विचारा.