पाठीचे दुखणे आणि मेंदूचा पाठ



पाठीत कधी उसण भरली नाही असा प्रौढ माणूस विरळाच. भरलेली घागर किंवा धान्याचे पोते उचलताना कमरेत कळ येते, चार दिवस शेक-लेप होतात आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. बहुतेकांची हकीकत येथेच संपते. काहींची मात्र संपत नाही. तीन महिने लोटले तरी ठणका राहतोच. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात जुनाट पाठदुखी म्हणतात. छायाचित्रे काढली तरी पुष्कळदा मोठा दोष सापडत नाही. मग घरची माणसे दबक्या आवाजात ‘ढोंग’ हा शब्द उच्चारू लागतात. हा आरोप कितपत न्याय्य आहे, याचा आज आपण विचार करू.

सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने वेदनेचे एक सोपे चित्र रेखाटले. दोरीचे एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाची घंटा वाजते. त्याचप्रमाणे शरीराला इजा झाली की मेंदूत वेदना उमटते, असे त्याचे म्हणणे. आम्हा शिक्षकांना घंटेची उपमा चटकन पटते. पण दोरी कोणी ओढीत नसताना घंटा वाजतच राहिली, तर काय म्हणावे? १९६५ साली मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी असे सुचविले की, मज्जारज्जूत जणू एक दार असून इजेचा निरोप किती आत सोडायचा हे तेथे ठरते आणि त्या दारावर मेंदूचाही अंमल चालतो.

खुद्द मेंदूत काय घडते, याचा शोध शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अपकेरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००४ साली त्यांनी जुनाट पाठदुखीच्या २६ रुग्णांचे मेंदू चुंबकीय यंत्राने तपासले. निरोगी माणसांच्या मानाने त्यांच्या मेंदूच्या बाह्य थरातील करडे द्रव्य ५ ते ११ टक्क्यांनी कमी भरले. एवढी घट एरव्ही वयोमानाने व्हावयास दहा ते वीस वर्षे लागतात. पण दुखण्याने मेंदू बदलला, की मेंदू मुळातच तसा होता? म्हणून नुकतेच दुखणे सुरू झालेल्या रुग्णांवर त्यांनी वर्षभर लक्ष ठेवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष लक्षणीय होता. कपाळामागील विचाराचा एक भाग आणि ‘न्यूक्लियस अक्युम्बेन्स’ हे आवडनिवड व लाभहानी जोखणारे केंद्र यांचे सूत ज्यांच्यात प्रथमपासून घट्ट जमलेले होते, त्यांचे दुखणे बहुधा रेंगाळले. आणि ज्यांचे रेंगाळले त्यांच्या मेंदूतील करडे द्रव्य त्या वर्षात घटत गेले. पुढे २०१३ साली असेही आढळले की, दुखणे नवे असताना इजेची वर्दी घेणारी केंद्रे जागी असतात. ते जुने होता होता ही हालचाल भावनांशी निगडित केंद्रांकडे सरकते.

मेंदूचा धर्मच शिकण्याचा. पाढा घोकून घोकून मुखोद्गत होतो आणि मग न आठवताही ओठांवर येतो. वेदनेचेही काहीसे असेच होते. वाकताना भीती, भीतीमुळे हालचाल टाळणे आणि टाळल्यामुळे आणखी भीती, अशी उजळणी चालू राहते. मूळ इजा भरून आली तरी धडा पुसला जात नाही. रुग्णाला होणारी वेदना मात्र संपूर्ण खरी असते. मेंदूत घडलेला बदल यंत्राला दिसत असताना त्या माणसाला ढोंगी ठरविणे हा अन्याय होय.

सुदैवाने शिकलेले विसरताही येते. मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात २०११ साली असे दिसून आले की, शस्त्रक्रियेने वा सांध्यातील इंजेक्शनाने ज्यांचे दुखणे कमी झाले, त्यांच्या मेंदूतील पातळ झालेला थर सहा महिन्यांत पुन्हा जाड होऊ लागला. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, सौम्य ते मध्यम पाठदुखीच्या १५१ व्यक्तींनी भाग घेतला. त्यांपैकी ५० जणांना चार आठवडे, ही वेदना धोक्याची खूण नाही हे समजावून देऊन निर्भयपणे हालचाल करावयास शिकविले. ३३ जणांचे दुखणे गेले किंवा नावापुरते उरले. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या ५० जणांपैकी मात्र पाचच बरे झाले.

यावरून कोणी डॉक्टरांकडे जाणेच टाळू नये. पाठदुखीबरोबर ताप येणे, पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, वजन उतरणे किंवा अपघातानंतर कळा येणे, अशा वेळी ताबडतोब तपासणी करून घ्यावी. तसा धोका नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहू नये. सोसेल तसे चालावे, हळूहळू कामे वाढवावीत. आणि घरच्या मंडळींनी रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवावा. भीती ओसरल्यावाचून हा धडा विसरता येत नाही, आणि अविश्वासाच्या घरात भीती ओसरणे कठीण.