धसईचं मशीन आणि मागची साखळी

आमच्या मुरबाड तालुक्यातलं धसई आठवतं का? नोटाबंदीनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, ते राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानदारांकडे कार्ड घासायची मशीन आली. पुढं मात्र व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्या आणि नेटवर्कच्या तक्रारींच्या बातम्या आल्या.

लोकांनी मशीन पाहिलं. संगणक प्रणालींच्या खर्चाचे अंदाज बांधणं हा माझा धंदा, त्यामुळे माझी नजर मशीनच्या मागे गेली. मशीनमधला प्रोग्रॅम, मोबाइलचं नेटवर्क, दुकानदाराची बँक, कार्ड कंपनीची यंत्रणा आणि गिऱ्हाइकाची बँक, असे निदान पाच दुवे. समजा, प्रत्येक दुवा शंभरातून पंचाण्णव वेळा चालतो. ऐकायला छान! पण पाचही एकाच वेळी चालण्याची शक्यता ७७ टक्क्यांवर येते. म्हणजे दर चार-पाच गिऱ्हाइकांमागे एकजण ताटकळणार. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. फक्त तो मशीन वाटण्याआधी मांडायचा असतो.

खर्चाचंही तसंच. बॅरी बोहेम या अमेरिकन तज्ज्ञानं १९८१ मध्ये दाखवलं, की अगदी सुरुवातीला बांधलेला सॉफ्टवेअरचा अंदाज दोन्ही बाजूंनी चौपट चुकू शकतो. एक कोटी म्हणावं, तर पंचवीस लाखही होतील किंवा चार कोटीही. तरी साहेब लोकांना एकच आकडा हवा असतो! विहीर खणणारा बरा; तो म्हणतो, ‘कातळ कुठं लागतो ते बघू.’ बोहेमनंही पुढं हेच सुचवलं: ज्यात धोका जास्त, ते आधी थोडंसं करून पाहा.

चाललेलं जुनं सॉफ्टवेअर घेतलं की निभावलं, हाही एक समज. युरोपच्या एरियान-५ रॉकेटमध्ये एरियान-४ च्या प्रोग्रॅमचा एक भाग तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा वेग निराळा. एक आकडा नेमून दिलेल्या जागेत मावला नाही. ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आसपास रॉकेट नष्ट झालं.

धसईचं काम माझ्याकडे असतं, तर आधी एकाच दुकानात आठवडाभर मशीन ठेवलं असतं, गर्दीच्या वेळीही, आणि सिग्नल किती वेळा गेला ते वहीत टिपायला सांगितलं असतं. खर्च एका वहीचा. पुढं क्यूआर कोडचा कागद आला, कार्डाच्या मशीनची गरज कमी झाली. सिग्नलचा दुवा मात्र साखळीत आहेच.