अंगोलाच्या शेतातले सुरुंग



आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटला आणि लगेच आपसात जुंपली ती पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं. एमपीएलए या पक्षाच्या सरकारमागे क्युबाचं सैन्य आणि सोव्हिएत शस्त्रं, तर जोनास साविंबीच्या युनिटा या बंडखोर संघटनेमागे दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारला गेला, एप्रिलमध्ये शस्त्रसंधी झाली. तोवर सगळ्यांनीच जमिनीत सुरुंग पेरून ठेवले होते: पुलांखाली, पाणवठ्यांवर, विजेच्या खांबांभोवती, शेतातल्या पायवाटांवर. बऱ्याच ठिकाणी त्यांचे धड नकाशेही नाहीत.

पीएमएन नावाचा सोव्हिएत सुरुंग घ्या. बशीएवढा, वर काळं रबर, आत सुमारे २४० ग्रॅम स्फोटक. सरपणाला निघालेल्या बाईचं किंवा शाळकरी पोराचं वजन त्याला पुरतं. पाऊल तर जातंच. पण माती, चपलेचे तुकडे आणि हाडाच्या कपच्या वरपर्यंत मांसात घुसतात. मग जखम चिघळू नये म्हणून डॉक्टरांना पाय बराच वरून कापावा लागतो. तेही तो माणूस रक्त वाहून दगावण्याआधी दवाखान्यात पोचला तर.

लहान मुलांचं दुखणं याहून चिवट. कापलेल्या पायाचं हाड वाढत राहतं, कातडी पुरत नाही, टोक टोचू लागतं; पुन्हा शस्त्रक्रिया. कृत्रिम पाय तर वाढत्या मुलाला काही महिन्यांतच आखूड होतो. गाव दूर, रस्ता खराब, कृत्रिम पाय बसवायचं केंद्र शहरात. त्यामुळे अनेकांचा निभाव शेवटी कुबड्यांवरच लागतो.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती कुइटो शहराची हकीकत. १९९३ मध्ये त्याला वेढा पडला, तो महिनोन् महिने चालला. भोवतालच्या शेतांत कसावा उभा होता, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. शेतात सुरुंग आहेत हे ठाऊक असूनही लोक जिवावर उदार होऊन खाण्याच्या शोधात बाहेर पडत. कित्येक परतले नाहीत, कित्येक पाय गमावून परतले.

जानेवारी १९९७ मध्ये राजकन्या डायना वांबो शहरातल्या सुरुंगपट्ट्यातून चालली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात ओटावा इथे सुरुंगबंदीचा करार झाला. डायना चालली तिथे आज रहदारीचा रस्ता आहे. सुरुंगबंदीच्या त्या करारावर मात्र आपल्या भारताची सही नाही. सीमेच्या संरक्षणाचं कारण दिलं जातं. कारण समजतं, पटत नाही.

अंगोलात सुरुंग काढण्याचं काम गुडघ्यावर बसून चालतं. शोधकयंत्र वाजलं की माती बाजूने, हलक्या हाताने उकरायची. २०१७ पासून बेंगेला प्रांतात खास बायकांची पथकं हे काम करू लागली. त्यांतल्या कित्येकींना महिन्याच्या महिन्याला पगार पहिल्यांदाच मिळाला. या कामाला मोठा पैसा देणाऱ्यांत अमेरिकाही आहे, युनिटाला शस्त्रं पुरवणारी तीच. देणग्या आटल्या की पथकं कमी होतात. मधली काही वर्षं तसंच झालं होतं.