आधी प्रश्न वाचा



वालीवच्या आमच्या गाळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकलं होतं. नवी आवृत्ती घेतली आणि वाय-फाय दिसेना. घाईत अख्खी डिस्क फॉरमॅट करून पुन्हा सगळं टाकलं. वाय-फाय आलं नाहीच. वडिलांचा वर्षभराचा हिशेब मात्र गेला. ते काही बोलले नाहीत. बिलांचा गठ्ठा घेऊन वहीत लिहायला बसले.

मग 'एलएसपीसीआय' कमांडने कार्ड कोणतं ते कळलं. 'डीमेसेज'मध्ये कर्नलने स्वच्छ लिहिलं होतं: फर्मवेअरची फाइल सापडत नाही. ती एक फाइल टाकली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, वाय-फाय चालू!

बाई, तुम्ही सांगायचात, "आधी प्रश्न नीट वाचा." मी फार उशिरा वाचला. आता मुलांना तेच सांगतो, आणि त्याच्याही आधी बॅकअप घ्यायला लावतो.