परदेशस्थ विदूषक : चार्ली चॅप्लिन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या व्यासपीठावरून एका विनोदी नटाविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे ज्या कुटुंबांस ठाऊक आहे, त्यांस चार्ली चॅप्लिन परका वाटू नये असे आम्हांस वाटते.

लंडनमध्ये १८८९ साली जन्मलेल्या ह्या मुलाचे आईबाप दोघेही रंगभूमीवरील गायक. बाप व्यसनापायी अकाली गेला; आईस मनोविकाराने ग्रासले. वयाच्या सातव्या वर्षी चार्लीस निर्धनांच्या आश्रयगृहात राहावे लागले. पुढे फ्रेड कार्नो ह्यांच्या मंडळीबरोबर १९१० साली तो अमेरिकेत गेला आणि १९१३ च्या अखेरीस कीस्टोन चित्रपट कंपनीत आठवड्यास दीडशे डॉलरांवर रुजू झाला.

१९१४ मध्ये तेथेच त्याचा जगप्रसिद्ध भटक्या अवतरला. तंग कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, चिमुकली टोपी आणि हातात छडी! खिशात दमडी नाही. पण टोपी उचलून अभिवादन करण्याची रीत काही सुटत नाही. दारिद्र्यातही अब्रू जपणारा हा गृहस्थ आपणांपैकी कोणाच्या ओळखीचा नाही?

१९१६ साली म्युच्युअल कंपनीने त्यास वर्षाचे ६ लाख ७० हजार डॉलर देऊ केले. तरीही भुकेची आठवण त्याने सोडली नाही. 'द गोल्ड रश' (१९२५) ह्या चित्रपटात उपाशी नायक बूट शिजवून खातो, तोही मेजवानीच्या थाटात! 'दि इमिग्रंट' (१९१७) मध्ये जहाजावरील गोरगरीब प्रवासी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा डोळे भरून पाहतात. आणि लगेच अधिकारी त्यांस दोरखंडाने गुरांप्रमाणे अडवून धरतात. प्रेक्षक हसतो, परंतु ते हसू घशाशी अडते.

१९३१ साली लंडनमध्ये महात्माजींची भेट झाली, तेव्हा त्यांचा यंत्रांस विरोध का, हे त्याने जिज्ञासेने विचारले. यंत्राच्या दातांत सापडलेल्या कामगाराची कथा त्याने 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मध्ये मांडली, तर 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०) मध्ये हिटलरची भर चौकात टर उडविली.

अमेरिकेत चार दशके काढूनही त्याने तेथील नागरिकत्व घेतले नाही. डाव्या विचारांचा संशय आला आणि सप्टेंबर १९५२ मध्ये तो जलप्रवासात असतानाच त्याचा पुनःप्रवेशाचा परवाना रद्द झाला. ज्याने त्या देशास हसविले, त्यासच दार बंद झाले! पुढे तो स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला. १९७२ साली अमेरिकेने त्यास सन्मानाने बोलावून ऑस्कर दिले, तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. १९७७ च्या नाताळच्या दिवशी त्याचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, आपली मुले आज दूरदेशी जातात आणि आपल्या गावीही परप्रांतीचे लोक पोटासाठी येतात. आपल्या मुलांस तेथे जो आदर मिळावा असे आपण इच्छितो, तोच दारी आलेल्यास आपण द्यावा. सन्मान करावयाचा तो वेळीच करावा. वीस वर्षांनी केलेल्या सन्मानाने गेलेली वर्षे परत येत नाहीत.